आधी पेपर, मग कोर्स : प्रवेश परीक्षेसाठी ऑनलाइन क्लास निवडताना

मे-जून आला की इंदूरच्या आमच्या सुदामा नगरात माझा फोन खणखणू लागतो. "ताई, त्या ॲपवाल्यांचा परत फोन आला होता. आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे म्हणे. घेऊन टाकू का?" विचारणारी आई बहुतेक स्वयंपाकघरातून बोलत असते, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते आणि आवाजात घाई असते. मी अकरावी-बारावीच्या मुलांना घरी गणित शिकवते, म्हणून ही विचारणा माझ्याकडे येते. माझं उत्तर ठरलेलं आहे. आज काहीही घेऊ नका. रविवारी मुलाला तीन तास बसवून जुना पेपर सोडवायला लावा आणि तपासलेला पेपर घेऊन माझ्याकडे या.

हे शहाणपण मला आयतं मिळालेलं नाही. मोठ्या मुलीच्या वेळी आम्ही आधी कोर्स घेतला आणि तिला नेमकं काय येत नाही ते आठ महिन्यांनी कळलं. पैसे गेलेच, पण त्याहून जास्त तिचा स्वतःवरचा विश्वास गेला, आणि तो परत यायला फार दिवस लागले. पुढे बहिणीचा मुलगा बारावीत गेला तेव्हा आम्ही नेमका उलटा क्रम धरला. तो क्रम इथे सविस्तर लिहिते आहे.

कोणती परीक्षा, ते कागदावर लिहा

"इंजिनिअरिंगची तयारी" हे उत्तर पुरेसं नाही. मूल कोणत्या दारातून आत जाणार आहे ते नेमकं ठरलं पाहिजे. इंदूरमध्येच पाहा ना. एसजीएसआयटीएस या कॉलेजात किंवा देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयईटी या इंजिनिअरिंग विभागात बी.टेक. करायचं तर जेईई मेनच्या क्रमांकावर राज्याच्या काउन्सेलिंगमधून जागा मिळते. सिमरोलच्या आयआयटीसाठी मेननंतर ॲडव्हान्स्ड द्यावी लागते, आणि तिथे बसायची मुभा मेनमधल्या पहिल्या सुमारे अडीच लाख मुलांनाच असते. एमजीएम मेडिकल कॉलेजसाठी नीट. देवी अहिल्या विद्यापीठाच्या अनेक अभ्यासक्रमांना सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा. आणि बारावीनंतर थेट आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचं असेल तर त्यांची स्वतःची आयपीमॅट परीक्षा आणि मग मुलाखत.

प्रत्येक परीक्षेची चाल वेगळी, म्हणून क्लासही वेगळा लागतो. जेईई मेनमध्ये २०२५ पासून ७५ प्रश्न आहेत, ३०० गुणांचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. परीक्षा संगणकावर होते, जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत, आणि त्यातली चांगली कामगिरी धरतात. नीटला २०२५ मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, आणि तीही कागदावर, ओएमआरचे गोळे काळे करत. त्या १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे. आता नीटची तयारी करणारं मूल वर्षभर फक्त मोबाइलवर बोट टेकवून टेस्ट देत राहिलं, तर गोळे भरण्यात किती वेळ जातो ते त्याला परीक्षेच्या दिवशीच कळणार. जी परीक्षा कागदावर, तिच्या टेस्टही छापून कागदावर सोडवता आल्या पाहिजेत. जी संगणकावर, तिच्या टेस्ट संगणकावर, मोबाइलवर नाही.

आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. जेईई मेन आणि नीट १३ भाषांत होतात आणि त्यांत मराठी आहे, हे ऐकून आजी-आजोबांना बरं वाटतं. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. इंदूरच्या केंद्रावर बसणाऱ्या मुलाला इंग्रजी, हिंदी किंवा उर्दूच निवडावी लागते. तेव्हा क्लासची भाषा ठरवताना घरची भाषा धरू नका, मूल ज्या भाषेत पेपर देणार आहे ती धरा. आपली मुलं घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. हिंदी-इंग्रजी मिसळून शिकवणारे मास्तर त्यांना चटकन समजतात, त्यात वावगं काही नाही. नोट्स आणि टेस्ट मात्र पेपरच्याच भाषेत हव्यात.

आणि शाळा सोडून देऊ नका. एनआयटीसारख्या संस्थांसाठी बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे गुणांनुसार पहिल्या वीस टक्के मुलांत, असण्याची अट आहे. बोर्डाकडे दुर्लक्ष करायला सांगणारा क्लास मला कधीच पटला नाही.

एक पेपर, तीन रंगांची पेनं

आता मुख्य काम. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा.

जेईई मेन आणि नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट फुकट मिळतात. एक पूर्ण पेपर छापून आणा. रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली की मुलाला टेबलाशी बसवा. फोन दुसऱ्या खोलीत, समोर घड्याळ, आणि मध्ये कोणी पाणी विचारायलासुद्धा जायचं नाही. ज्या धड्यांना अजून हातच लावलेला नाही, त्यांच्या प्रश्नांवर आधीच काट मारून ठेवली तरी चालेल. तेवढ्या प्रमाणात वेळ कमी करा.

माझ्या भाच्याने बारावी सुरू होताना असा एक जेईई मेनचा पेपर दिला. ७५ पैकी ५८ प्रश्न सोडवले, १७ कोरे ठेवले. ५८ पैकी ३१ बरोबर, २७ चूक. म्हणजे १२४ वजा २७, ९७ गुण. बहिणीचा चेहरा पडला. भावोजी म्हणाले, "मोठा कोर्स लावूच या, पाया कच्चा आहे." मी म्हटलं, थांबा, पेपर अजून अर्धाच झाला आहे.

दुपारी मी त्याला तेच २७ चुकलेले प्रश्न परत दिले, उत्तरं न दाखवता आणि घड्याळाशिवाय. शेजारी तीन पेनं ठेवली. दुसऱ्यांदा स्वतःहून बरोबर सोडवता आलेल्या प्रश्नाला हिरवी खूण. सकाळी अंदाजाने ठोकून दिलेल्या प्रश्नाला निळी. आणि कितीही वेळ दिला तरी सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही, त्याला लाल. संध्याकाळी मोजदाद केली. हिरवे ११, निळे ९, लाल फक्त ७.

आता हिशेब बघा. हिरवे ११ सकाळीच बरोबर आले असते तर प्रत्येकी पाच गुणांचा फरक पडला असता, कारण वजा झालेला एक वाचतो आणि वर चार मिळतात. झाले ५५. निळे ९ कोरे सोडले असते तर ९ वाचले असते. एकूण ६४. मुलगा ९७ वर नव्हता, तो १६१ च्या दारात उभा होता आणि आत शिरायला त्याला एकही नवा धडा शिकायची गरज नव्हती. हिरव्या चुका जवळून पाहिल्या तर आणखी गंमत कळली. अकरापैकी बऱ्याच चुका एकाच जातीच्या होत्या. प्रश्नात सेंटिमीटर दिलेले आणि याने मीटर धरलेले. "पुढीलपैकी कोणते चूक आहे" विचारलेलं आणि याने बरोबर विधान निवडलेलं. कच्चं काम पानाच्या कोपऱ्यात इतकं दाटीने केलेलं की स्वतःचा ७ त्याने स्वतःच १ वाचलेला.

अशा मुलाला शेकडो तासांच्या व्याख्यानांचा कोर्स दिला असता तर काय झालं असतं? येत असलेलंच त्याने परत ऐकलं असतं, ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटलं असतं आणि पुढच्या पेपरात परत सेंटिमीटरचे मीटर झाले असते. त्याला हवी होती चांगली टेस्ट सिरीज, प्रत्येक टेस्टनंतर चुकांची उलटतपासणी आणि त्या सात लाल प्रश्नांच्या धड्यांपुरतं शिकवणं. आम्ही तेवढंच घेतलं.

तुमच्या मुलाचा निकाल वेगळा येईल. लाल खुणा निम्म्याहून जास्त असतील, तर मात्र पायापासून शिकवणारा पूर्ण कोर्स हवा आणि तोही लाइव्ह. असं मूल रेकॉर्ड केलेले व्हिडिओ एकट्याने पुढे रेटू शकत नाही. दर दोन मिनिटांनी अडतं आणि मग पाहणंच सोडून देतं. लाल एकाच विषयात दाटलेले असतील तर सगळ्या विषयांचं पॅकेज कशाला? एका विषयाचा कोर्स मागा. बहुतेकांकडे तो असतो, फक्त फोनवरचा माणूस स्वतःहून सांगत नाही. निळे जास्त असतील तर सध्या पैसे खर्चूच नका. अंदाज मारायचा नाही, ही शिस्त चार पेपरांत लागते. आणि कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांतले बरेच नंतर सोडवता आले, तर अडचण वेगाची आहे. त्यावर औषध वेळ लावून सराव करण्याचं, जास्त ऐकण्याचं नाही.

अकरावीत जाणाऱ्या मुलाला हा पेपर देऊन उपयोग नाही, त्याला काहीच येणार नाही आणि ते घाबरेल. त्याच्यासाठी दहावीच्या गणित-विज्ञानाचे एनसीईआरटीच्या 'एक्झेम्प्लर' या सराव पुस्तकातले प्रश्न घ्या. अकरावीचे पहिले दोन-तीन धडे शाळेत होऊ द्या, मग त्याच धड्यांवरचे जुने प्रश्न काढून हीच तीन पेनांची तपासणी करा. तोवर दोन वर्षांचं पॅकेज मुळीच घेऊ नका. सोळा वर्षांच्या मुलाचा विचार सहा महिन्यांत बदलतो, आणि बदलू द्यावा. माझ्याकडे जेईई म्हणून आलेली एक मुलगी दिवाळीनंतर आयपीमॅटकडे वळली आणि खुलली.

दिवसात खरंच किती तास आहेत

कोर्सच्या जाहिरातीत "४८० तासांचे व्हिडिओ" असं मोठ्या अक्षरांत असतं. ते वाचून आपल्याला भरपूर मिळाल्यासारखं वाटतं. मी पालकांना कागद घेऊन भागाकार करायला लावते.

शाळा दोनला सुटते. जेवण, थोडी झोप, संध्याकाळचं खेळणं धरलं तर शाळेच्या दिवशी अभ्यासाला खरे चार तास उरतात. मी शिकवताना एक प्रमाण पाळते. एक तास ऐकलं तर किमान दीड तास स्वतः सोडवायचं. त्या हिशेबाने चार तासांत व्याख्यान साधारण एक तास छत्तीस मिनिटांचंच बसतं. ४८० तास संपायला ३०० दिवस लागतील. जुलैपासून जानेवारीच्या सत्रापर्यंत दिवस जेमतेम २०० असतात, त्यात गणपती, दिवाळी, सहामाही परीक्षा आणि एखादा ताप. म्हणजे हा कोर्स या घरात संपणारच नाही, आणि न संपलेल्या व्हिडिओंची यादी रोज मुलाच्या डोळ्यांसमोर वाढत जाईल. मुलं त्याला "बॅकलॉग" म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली जातो. ते मला फार लागतं.

म्हणून कोर्सचे एकूण तास विचारा आणि आपल्या घरच्या तासांनी भागा. लाइव्ह क्लासची वेळही पाहा. दुपारच्या पाळीची शाळा असलेल्या मुलाला चारचा वर्ग काय कामाचा?

आधी फुकटचं वापरून पाहा

आयआयटी कानपूर आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये 'साथी' नावाचं व्यासपीठ सुरू केलं. जेईई, नीट आणि सीयूईटीची व्याख्यानं, सराव प्रश्न आणि टेस्ट तिथे विनामूल्य आहेत. एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. नीटच्या जीवशास्त्राला ती ओळीन् ओळ वाचण्याला पर्याय नाही, कोणताही महागडा कोर्स तेच सांगेल. सरकारी शाळेतून चांगल्या गुणांनी दहावी झालेल्या मुलांसाठी राज्य सरकारची सुपर १०० योजना आहे आणि तिचं एक केंद्र इथेच, मल्हार आश्रमात आहे. घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलांना हे कोणी सांगत नाही, म्हणून तुम्ही सांगा.

दोन आठवडे मुलाला 'साथी'वरचा एक धडा आणि दोन टेस्ट स्वतःच्या जबाबदारीवर करू द्या, मागे न लागता. यातून मुलाची सवय कळते. जे मूल फुकटचा धडा दोन आठवड्यांत स्वतःहून पुरा करतं, त्याला रेकॉर्ड केलेला स्वस्त कोर्स आणि टेस्ट सिरीज पुरते. जे करत नाही त्याला रागावू नका. त्याला वेळ ठरलेला, हजेरी घेणारा, नावाने हाक मारणारा लाइव्ह वर्ग हवा आहे, किंवा सरळ भंवरकुआं-गीता भवनकडचा बसून शिकायचा क्लास हवा आहे. ऑनलाइन प्रत्येकाला मानवतंच असं नाही आणि हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

डेमो कसा पाहायचा

जाहिरातीतला डेमो उत्तमच असतो. सगळ्यात लोकप्रिय सर, सगळ्यात सोपा धडा, मध्ये दोन विनोद. तो पाहून ठरवू नका. तीन क्लास निवडा आणि तिघांकडे एकाच अवघड धड्याच्या मधल्या तासाची मागणी करा. भौतिकशास्त्रात रोटेशन, रसायनशास्त्रात आयॉनिक इक्विलिब्रियम, नीटवाल्यांसाठी जेनेटिक्स. देत नसतील तर तेही उत्तरच आहे.

तो तास मुलाबरोबर तुम्हीही बसून पाहा. विषय कळला नाही तरी चालेल, तुम्ही पडद्याकडे पाहूच नका, मुलाच्या वहीकडे पाहा. तास संपल्यावर वहीत मास्तरांनी लिहिलेल्याची नुसती नक्कल आहे, की मध्ये कुठे स्वतः केलेलं गणित आहे? चांगला शिक्षक प्रश्न मांडून गप्प बसतो. "दोन मिनिटं देतो, करा" म्हणतो आणि खरंच दोन मिनिटं थांबतो. भाच्यासाठी आम्ही तीन वर्ग पाहिले. पहिल्या दोन वेळी त्याचं पेन मास्तरांच्या मागे मागे धावत होतं. तिसऱ्या वर्गात एका ठिकाणी पेन थांबलं, त्याने वर पाहिलं, लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मला तिथेच कळलं की हा वर्ग त्याला विचार करायला लावतो आहे. तासानंतर अर्ध्या तासाने त्याच वर्गातलं एक उदाहरण कोऱ्या कागदावर करून दाखवायला सांगा. ज्या वर्गाचं उदाहरण जमलं, तो वर्ग.

मग शंकेची परीक्षा. डेमोच्या मुदतीत मुलाने हाताने लिहिलेल्या गणिताचा फोटो रात्री नऊला पाठवायचा, "माझी ही पायरी कुठे चुकली?" असं विचारून. उत्तर किती वेळात आलं ते पाहाच, पण काय आलं ते जास्त महत्त्वाचं. छापील उत्तराची लिंक आली तर त्यांनी तुमच्या मुलाचं काम वाचलेलंच नाही. "तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं आहे" असं उत्तर आलं तर पलीकडे माणूस बसला आहे. माझ्या मते निम्मी फी याच गोष्टीची असते.

टेस्ट सिरीज पाहताना एक जुनी टेस्ट मागून घ्या. तिच्या विश्लेषणात प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ दिसतो का? उत्तर फक्त "ब" असं आहे की पायऱ्या आहेत? टेस्ट जुन्या, आता बदललेल्या नियमांवर तर नाही ना? अजूनही नीटच्या टेस्टमध्ये "पर्यायी प्रश्न" ठेवणारे लोक आहेत, म्हणजे पेपर बदलला हे त्यांच्या गावीही नाही.

आणि शिकवणार कोण, ते नावासकट विचारा. पोस्टरवरचे सर आणि वेळापत्रकातले सर वेगळे असतात.

फोटो, पर्सेंटाइल आणि मोठे आकडे

राजवाड्यापासून विजय नगरपर्यंत होर्डिंगवर हसरे चेहरे दिसतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. निवड झाल्यानंतर मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो वापरायचा नाही, आणि त्याने कोणता कोर्स किती काळ केला हे जाहिरातीत सांगायचं, असं त्यांत आहे. तेव्हा फोनवर सरळ विचारा, "हा मुलगा वर्षभर तुमच्या वर्गात होता, की शेवटची टेस्ट सिरीज घेतली होती?"

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे अजूनही पुष्कळ घरांत समजावून सांगावं लागतं. २०२५ मध्ये जेईई मेनला दोन्ही सत्रं मिळून सुमारे १४.७५ लाख मुलं बसली. त्यांत ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे साधारण १४,७०० मुलं. त्यामुळे "आमची शेकडो मुलं ९९ च्या वर" हे वाक्य किती मुलांनी प्रवेश घेतला होता ते कळल्याशिवाय निरर्थक आहे. तो खालचा आकडा विचारा. मी आजवर ज्यांना विचारला, त्यांतल्या एकानेच तो दिला, आणि मला तो माणूस विश्वासाचा वाटला.

पैसे, आणि आमच्याकडून झालेली चूक

आता मुलीची हकीकत. सल्लागार म्हणवणारा एक तरुण घरी आला होता. बोलायला गोड. मुलीला चार प्रश्न विचारले, तिला दोन आले नाहीत, आणि तिच्यासमोरच तो म्हणाला की आत्ता नाही केलं तर उशीर होईल. फी एकदम भरायची गरज नाही, महिन्याला हप्ता, व्याज शून्य. आमच्या यांच्या फोनवर ओटीपी आला, यांनी तो वाचून दाखवला, सह्या टॅबवर झाल्या. दहा मिनिटांत सगळं उरकलं.

दोन महिन्यांनी गणिताचे सर बदलले. आम्ही कोर्स बंद करायला सांगितला, तेव्हा कळलं की हप्ता क्लासचा नव्हताच. आमच्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज निघालं होतं. क्लासला सगळी फी पहिल्या दिवशीच मिळाली होती आणि आम्ही वर्ग बंद केला तरी बँकेतून हप्ता कापला जाणार होता. सात महिने ई-मेल, फोन, तक्रार. निम्मी रक्कम परत आली. त्या सात महिन्यांत मुलगी एकदाच म्हणाली, "आई, माझ्यामुळे झालं ना?" तिच्यामुळे काहीही झालं नव्हतं. ओटीपी आम्ही दिला होता.

म्हणून हे नीट वाचा. "हप्ता" म्हटलं की पहिला प्रश्न, "हे कर्ज आहे का, आणि कोणाचं?" कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सगळ्या खर्चाचं मुख्य तथ्य पत्रक (की फॅक्ट स्टेटमेंट) तुम्हाला आधी मिळालं पाहिजे, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडता आलं पाहिजे. ती मुदत किती दिवसांची ते पत्रकात पाहा. वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका, समोर कितीही गोड माणूस बसला असला तरी. जमत असेल तर कर्जापेक्षा तीन-तीन महिन्यांची फी थेट भरा, थोडी जास्त पडली तरी चालेल.

फीवर १८ टक्के जीएसटी असतो. ४०,००० ची फी म्हणजे खिशातून ४७,२०० जाणार. परतीची अट ई-मेलवर लेखी मागा. किती दिवसांत सोडलं तर किती परत, पुस्तकांचे किती कापणार, टॅब परत घेणार का. फोनवरच्या आश्वासनाला "हे मेलवर पाठवा" एवढंच म्हणा. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी काढलेल्या सूचनांत, पूर्ण फी भरून मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. लेखी अट हातात असली की त्या आधारावर बोलणं सोपं जातं. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात भरा, कोणा माणसाच्या यूपीआयवर नाही.

बिनसलंच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याने नाही झालं तर ग्राहक आयोग आहे. कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदूरमध्येच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

पहिला महिना

टॅब घ्यावा की लॅपटॉप, यात लोक आठवडे घालवतात. पडदा मोठा असावा, टेबल-खुर्ची असावी, पलंगावर लोळून पाहू नये. बाकी घरात असेल ते चालेल.

खरं काम दर रविवारचं आहे. टेस्ट, आणि मग तीच तीन पेनं. भाच्यासाठी आम्ही एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर चुकलेला प्रश्न, उजव्या पानावर फक्त एक ओळ, स्वतःच्या शब्दांत, का चुकलं. पहिल्या पानांवर "सिली मिस्टेक" असं लिहिलेलं होतं. ते मी चालू दिलं नाही. सिली म्हणजे काय? "एकक बदललं नाही" असं लिही. महिन्याभराने त्यानेच मोजलं, एककाची चूक अकरा वेळा. त्यानंतर पेपर हातात आला की तो आधी एककांभोवती गोल करू लागला आणि त्या चुका थांबल्या. कोर्स काम करतो आहे की नाही हे मी गुणांवरून पाहत नाही. गुण पेपर सोपा-अवघड असण्यावर हलतात. त्याच त्या चुका कमी होताहेत का, लाल खुणांचे धडे हिरव्यात जाताहेत का, हे पाहते.

मूल या काळात चिडचिडं होतं, जेवण टाळतं, रात्री जागतं. थोडं फार होतंच. पण ते बोलेनासं झालं, झोप अगदीच उडाली, तर टेस्ट बाजूला ठेवा आणि मुलाजवळ बसा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे विनामूल्य बोलता येतं, आई-वडिलांनाही. शेजारच्या मुलाच्या पर्सेंटाइलचा विषय जेवणाच्या ताटावर आणू नका.

कोर्स घेतला त्या दिवशीच, फी परत मिळायच्या मुदतीचा शेवटचा दिवस शोधून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करा. त्याच्या चार दिवस आधी तिघांनी बसायचं, आई, बाबा आणि मूल. मुलाला आधी बोलू द्यायचं. शंकांना उत्तरं येतात का, बॅकलॉग किती झाला, वहीची किती पानं भरली. आमच्या घरी त्या संध्याकाळी भाच्याने वही पुढे सरकवली, एकतीस पानं झाली होती, आणि म्हणाला, "मावशी, केमिस्ट्रीचा भाग नको मला, शाळेत चांगलं शिकवतात. टेस्ट राहू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने मेल केला आणि एका विषयाची फी परत आली.